एडगर होल्रॉइड यांच्या वायरिंगवरचा लाल शेरा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वीजकाम ठेकेदार नोंदणी मंडळ,
मॅलरडेन, यॉर्कशायर.

विषय : १४, क्विन्स टेरेस या घराच्या तपासणी अहवालातील ‘तातडीचा धोका’ हा शेरा रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ डिसेंबर २०२३ चे पत्र (‘तक्रारीवर ग्राहकाची स्वतःची सही आवश्यक आहे’).

महोदय,

१. ग्राहक श्री. एडगर होल्रॉइड, वय ८४, हे १४ नोव्हेंबर रोजी वारले. त्यांची सही मिळणे शक्य नाही. अर्जदार ही त्यांची मुलगी असून तिने ही गोष्ट पहिल्या तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहिली होती.

२. जिन्यावर सरकती खुर्ची बसवायची होती, म्हणून जुना फ्यूजबोर्ड बदलण्यासाठी आपल्या यादीतील इलेक्ट्रिशियन श्री. स्कॉट बेनस्टेड ३ नोव्हेंबरला घरी आले. बोर्ड बदलायला हवा, याबद्दल वडिलांचे दुमत नव्हते. श्री. बेनस्टेड यांनी झाकण काढले, जुन्या पद्धतीच्या लाल-काळ्या वायरी पाहिल्या, दातांतून हवा आत ओढली आणि विचारले, “कुठल्या महाभागानं केलंय हो हे?” वडील चहाचा ट्रे धरून उभे होते. ते वायरिंग १९६३ साली त्यांनी स्वतःच्या हाताने केले होते. पुढे एक्केचाळीस वर्षे त्यांनी गावभर हेच काम केले. ते म्हणाले, “साखर किती घालू?”

३. त्यानंतरचा वाद अर्जदाराने स्वयंपाकघरातून ऐकला, तो असा :

“दिव्यांच्या सर्किटला अर्थिंग नाही, आजोबा. नव्या नियमात हे बसत नाही. अख्खं घर उकलावं लागेल.”

“त्रेसष्ट साली सक्ती नव्हती. आणि नियम काही मागल्या तारखेनं लागत नाहीत. पण आहे का नाही, ते आधी मोज तरी.”

“त्रेसष्ट सालचं घर! त्यात मोजायचं काय? नियमांचं पुस्तक वाचलंय मी.”

“कुठली आवृत्ती?”

“आजोबा, तुम्ही टीव्ही बघत बसा बरं.”

त्या पुस्तकाच्या, १९६३ साली लागू असलेल्या तेराव्या आवृत्तीपासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या श्री. बेनस्टेड यांच्या पाठीमागच्या फळीवर होत्या.

४. एकही स्विच न उघडता श्री. बेनस्टेड यांनी वरच्या मजल्याचे आणि जिन्याचे दिवे तोडले, बोर्डावर लाल चिठ्ठी डकवली आणि सव्वाचारला ते निघून गेले. नोव्हेंबरात आमच्याकडे त्या वेळी अंधार पडू लागलेला असतो, हे आपणांस सांगावयास नको. वडिलांना नोकरीत असताना कुणाचे दिवे तोडावे लागले, तर एक दिवा तात्पुरता जोडून दिल्याशिवाय ते त्या घरातून निघत नसत. “तुम्हीच केलंय असं सांगितलं का नाही त्याला?” असे अर्जदाराने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मीटर आहे ना त्याच्याकडे? लावेल उद्या.” श्री. बेनस्टेड पुन्हा आले नाहीत, त्यांनी फोनही उचलला नाही. आला तो फक्त अहवाल. वडील अकरा दिवस टॉर्च घेऊन जिना चढले-उतरले.

५. मृत्यू हृदयविकाराने, रुग्णालयात झाला. त्याचा दोष अर्जदार कुणावरही ठेवत नाही. मात्र त्यांच्या टेबलावरचा शेवटचा कागद आपला अहवाल होता. मोजणीच्या रकान्यात ‘लागू नाही’ असे छापले आहे. त्यापुढे वडिलांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे.

६. अंत्यविधीच्या सकाळी आपल्या कार्यालयाचा छापील फॉर्म वडिलांच्या नावाने आला : ‘आमच्या सदस्याच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?’ अर्जदाराला राग आला असता तर बरे झाले असते. आली ती किळस. फॉर्म कोरा परत पाठवत आहे.

७. ९ जानेवारीला दुसरे इलेक्ट्रिशियन, श्री. झुबैर काझमी, यांनी सातही स्विच उघडले. प्रत्येकामागे अर्थिंगची तार होती. प्रत्येक तारेवर हिरवी नळी, तीन वेढे आणि टोक मागे मुडपलेले. वडील पार्सलाचा दोराही असाच गुंडाळून ठेवत. श्री. काझमी यांनी मीटर लावला. सर्व आकडे आजच्या नियमात बसतात. जिन्यावर उभे राहून ते म्हणाले, “ताई, सक्ती नसताना, त्रेसष्ट साली? आणि सातही ठिकाणी? कोण होता हा माणूस?”

८. दिवे त्याच दिवशी लागले. सबब भरपाई नको, दिलगिरीही नको. ‘तातडीचा धोका’ हा शेरा रद्द करावा आणि तो मोजणी न करता दिला होता, अशी नोंद दप्तरी व्हावी. तसेच अहवालात ‘मूळ काम करणारा’ यापुढे श्री. बेनस्टेड यांनी ‘अज्ञात’ लिहिले आहे. तेथे वडिलांचे नाव लिहावे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
रोझलिंड होल्रॉइड
दि. २२ जानेवारी २०२४

सोबत :
(१) मृत्यूचा दाखला, दुसऱ्यांदा.
(२) सात स्विचांची छायाचित्रे व श्री. काझमी यांची मोजणी.
(३) ताऱ्यांचा फॉर्म, कोरा.
(४) दि. ६ एप्रिल १९६३ चा मोजणी-तक्ता, प्रत्येक खोलीच्या आकड्यांसह. तो तेराव्या आवृत्तीत घडी करून ठेवलेला सापडला. आपण मागितलेली ग्राहकाची सही त्याच्या तळाशी आहे.