चौथा ठोका

रविवार, ६ तारीख

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण फोन केला की वहिनी "बरंय" म्हणते आणि मागून तू "कोण आहे? दूधवाला का?" म्हणून ओरडतोस. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं, म्हणून हा पत्राचा खटाटोप. सोबत कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या पाठवते आहे. यंत्र कानात घालायचं असतं, शर्टाच्या खिशात नाही, हे मी तुला किती वेळा सांगू?

इकडे कामाचा नुसता धबडगा आहे. तुझ्या इंजिन शेडमधल्या मंडळींना अजून वाटतं की मी खेळणी विकते. खेळणी कसली! वीतभर इंजिनात नखाएवढी चिप बसवायची आणि त्यातून खऱ्या इंजिनाचा आवाज काढायचा, तोही चाक फिरेल तसा. परवा एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, की त्याचं इंजिन दर शिट्टीनंतर कावळ्यासारखं ओरडतं. मी म्हटलं, असं कसं होईल? ऐकून बघते तर खरंच कावळा! रेकॉर्डिंगच्या वेळी तारेवर बसला असणार मेला. आता तो कावळा जगभर पोचलाय, घरोघरी ओरडतोय. मालक हसून हसून लाल झाले आणि काम मात्र माझ्या डोक्यावर आलं.

प्रदर्शनाबद्दल लिहायचं राहिलंच. तू आलास, बरं वाटलं. तू चालवायचास त्या इंजिनाचं मॉडेल लोकांना फार आवडलं. तुम्ही सगळी निवृत्त मंडळी टेबलाभोवती उभी राहिलात तेव्हा मालक तर हरखूनच गेले.

तुझ्या जुन्या जोडीदारानं, बंबनं, इंजिनाची चाल बदलली कशी म्हणून जे विचारलं त्याचा खुलासा करून टाकते, म्हणजे विषय संपेल. चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे चार ठोके पडतात, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या इंजिनाचा चौथा ठोका पोकळ पडायचा. भक्, भक्, भक्, आणि मग नुसतंच फुस्स. आता हे मॉडेल कुणाच्या तरी घरी टेबलावर फिरणार. त्या माणसाला काय ठाऊक, खऱ्या इंजिनाची चाल कशी होती? त्याला वाटणार चिप बिघडली. माल परत येणार. म्हणून मालकांनीच सांगितलं, ठोके सारखे करून टाक. मी तिसरा ठोका घेतला, चांगला भरीव होता, आणि तोच चौथ्या जागी लावला. धंद्यात असं करावं लागतं. एवढंच.

तू मनावर घेऊ नकोस. आणि बंबचं तर मुळीच घेऊ नकोस, फायरमन होता तेव्हापासून त्याला काड्या घालायची सवयच आहे.

वहिनीच्या गुडघ्यांना आराम पडला का, कळव. थंडी आहे, कानटोपी घाल. यंत्र आधी, मग कानटोपी.

तुझी बहीण


मंगळवार, २९ तारीख

दादा,

उत्तर आलं नाही. तू कधी हातात पेन धरतोस अशातला भाग नाही, पण वहिनीच्या हातच्या दोन ओळी तरी यायच्या. शेवटी मीच तिला फोन केला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "हल्ली घरातच असतात. शेडबाहेरच्या बाकावर जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, पाय दुखतात."

पाय दुखतात म्हणे! आपल्या घरात पाय दुखायचा मान माझा आहे. तो तू परस्पर कसा घेतलास?

चेष्टा राहू दे दादा. निवृत्त झाल्यापासून तू एक दिवस तो बाक चुकवला नाहीस. ताप असला तरी जायचास. आणि आता माझ्यामुळे जात नाहीस.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मालकांनी ठोके सारखे करायला सांगितलेलं नव्हतं. उलट ते म्हणाले होते, "चौथा तसाच ठेवा बरं का, तीच तर गंमत आहे." मी त्यांना सांगितलं, रेकॉर्डिंग तिथे खराब झालंय. त्यांनी विश्वास ठेवला, कारण कानाच्या बाबतीत ते माझा शब्द खाली पडू देत नाहीत. त्यांच्याशी खोटं बोलले, आणि वर तुला लिहिताना साळसूदपणे त्यांच्याच डोक्यावर खापर फोडलं. काल त्यांनाही सगळं सांगितलं. ते नुसते चष्मा पुसत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पण मुळात हे प्रदर्शनाच्या दिवसाबद्दल आहे. तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही.

तू यंत्र घातलं नव्हतंस. तुझ्या खिशातून ते कुंई कुंई करत होतं. तू टेबलावर वाकलास आणि कोळशाच्या डब्यावर बोट टेकवलंस, बरोबर जिथे आत स्पीकर बसवलेला असतो. मला ओरडून म्हणालास, "हं, चालव." मी बटण फिरवलं. तीन ठोके तुझं बोट तिथेच होतं. चौथ्याला तू ते उचललंस, चटका बसल्यासारखं. पुन्हा ठेवलंस. पुन्हा उचललंस. मग माझ्याकडे पाहिलंस. ज्या कानाला बाजूला उभा असलेला माणूस ऐकू येत नाही त्याला मी फसवू शकले, पण तुझ्या बोटाला नाही.

तेवढ्यात बंब तुझ्या कानाशी येऊन ओरडला, "अरे, ही लंगडत कशी नाही? ही तुझी नव्हेच!"

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. "मीच सांगितलं हिला. म्हटलं, काढून टाक ते. चार लोकांत बरं दिसत नाही."

मग बंब म्हणाला, "जन्मभर तिच्या जिवावर घर चालवलंस, आणि आता तिची लाज वाटायला लागली होय रे?" मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब आता शोभेचे ड्रायव्हर झालेत." त्यावर ते हसणं. तूही हसलास, खोटंखोटं, आणि टेबलावरची धूळ पुसायला लागलास. टेबलावर धूळ नव्हती.

आणि मी काय केलं माहितीये? मी आवाज वाढवला. त्यांचं बोलणं आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी बटण फिरवून आवाज वाढवला आणि मूग गिळून उभी राहिले. तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मी तुला बोलू दिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लोक उगाच म्हणतात असं मला वाटायचं.

तू म्हणशील, पण काढलास तरी का तो ठोका? तू विचारणार नाहीस, मला ठाऊक आहे. म्हणून न विचारता सांगते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तुला रेल्वेवाल्यांनी पुन्हा एकदा इंजिनावर चढू दिलं होतं. बंबही होता, आणि हौशी तरुण ड्रायव्हर दोघं. मी मागच्या डब्यात रेकॉर्डर मांडीवर घेऊन, हेडफोन लावून बसले होते. तुमच्याजवळ माइक लावलाय हे तुम्ही थोड्याच वेळात विसरलात. चढ लागला, इंजिन लंगडायला लागलं, आणि बंबचा आवाज माझ्या कानात आला. अगदी कानात, कुणी शेजारी बसून बोलावं तसा. "बघा, कशी लंगडते याची डुगी!" सगळे खदाखदा हसले. त्यात तुझं हसणं मी ओळखलं. मी हेडफोन उपटून गळ्यात टाकले आणि स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

डुगी! आजारातून उठल्यावर मी डुगडुगत चालायला लागले, तेव्हा तू मला पाडलेलं नाव. घरात होतं तोवर मला आवडायचं. मग एक दिवस शाळेच्या फाटकात, सगळ्या मुलींसमोर, तू "ए डुगी" म्हणून हाक मारलीस आणि मी तुला पाटी फेकून मारली. कपाळावरची खूण अजून असेल तुझ्या. त्यानंतर तू ते नाव कधी तोंडातून काढलं नाहीस. मला वाटलं, मेलं ते. आणि इथे ते अख्ख्या शेडमध्ये फिरत होतं, एका लंगड्या इंजिनाला डकवलेलं. इतकी वर्षं लोक माझ्यावर हसत होते आणि हसवणारा माझा सख्खा भाऊ होता, असं मी धरून बसले.

घरी येऊन संगणकावर ते ठोके उघडले. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते ना, तीन जाड ठिपके आणि चौथा अंग चोरून उभा असलेला. मी तो पुसला. तिथे तिसरा चिकटवला. चालवून पाहिलं, कशी सरळ, ऐटीत चालली! लिहायला लाज वाटते दादा, पण मला फार बरं वाटलं. माझ्या पायाचं कुणी करू शकलं नाही ते मी एका बटणानं करून टाकलं. पेटीवर मात्र तुझं नाव छापलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "मूळ ड्रायव्हरच्या हातचा आवाज". ते वाचूनही माझा हात अडला नाही.

वहिनीचा फोन झाल्यावर मी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा काढलं. यावेळी हेडफोन उपटले नाहीत. माझं काम कसलं? ऐकायचं. कावळ्याचा आवाज शोधून काढते मी. आणि तुझं बोलणं अर्धंच ऐकून त्यावर राग धरून बसले. रेकॉर्डर चालूच होता. पुढचं सगळं त्यात आहे.

हसणं संपल्यावर तू म्हणतोस, "हसू नका रे. फिटर दर वेळी म्हणायचा, हिची चाल सरळ करून देतो. मी हात लावू दिला नाही. कधी चढावर अडली का? कधी मागे सरकली का? मग तिच्या चालीनं चालू दे की."

बंब तुझ्या कानाशी ओरडून विचारतो, "बहिणीला सांगितलंस का, तिचं नाव ठेवलंय ते?"

तू म्हणतोस, "वेडा की काय? पाटी फेकून मारेल. आणि हे बघा, तिच्यासमोर कुणी बोलायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो. ती फार तापट आहे." मग कौतुकानं म्हणतोस, "पण कान बघा कसा आहे तिचा!" मग तू लांबलचक शिट्टी देतोस आणि पुढचं काही ऐकू येत नाही.

मी ते पुन्हापुन्हा ऐकलं. शेजारच्या खोलीत आमचा रंगारी डब्यांना रंग देत होता, त्यानं येऊन विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? मी त्याच्यावरच खेकसले.

काल चौथा ठोका परत जागेवर ठेवला. जसा होता तसा, फुस्स. मग गाडी आणि रुळाचा छोटा गोल पिशवीत घातला आणि तुझ्या शेडवर गेले. फाटकापासून बाकापर्यंत चालत. सगळे बघत होते. एरवी लोक बघायला लागले की मी चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करत थांबते. काल थांबले नाही. माझा आपला ठेका चालू होता, पिशवी मांडीवर आपटत होती.

बाकावर रूळ मांडला आणि बंबसकट सगळ्यांना म्हटलं, "ठोका मी पुसला होता. त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला माहीतही नव्हतं. तुम्ही जे जे बोललात ते मला बोला." मी गाडी चालवली. बंब बराच वेळ ऐकत राहिला. मग त्यानंही तुझ्यासारखं बोट टेकवलं. "हीच," म्हणाला. आणि एकदम चिडला, "आणि तो गाढव म्हणतो, मीच सांगितलं! आणि मी गाढवाहून गाढव, त्याला काय काय बोललो!" त्यानं रुमाल काढून इतक्या जोरात नाक शिंकरलं की शिट्टीची गरजच पडली नाही. तुझी बाकावरची जागा रिकामी आहे. तिथे कुणी बसत नाही, बंब बसू देत नाही. तो तुझ्या घरी यायला निघाला होता, पण म्हणाला, "तो दार उघडून काय म्हणेल याची भीती वाटते." एवढा अगडबंब माणूस! तुझ्या दाराशी यायचा धीर मलाही झाला नाही, म्हणून तर हे पत्र.

विकल्या गेलेल्या सगळ्या गाड्या मी परत मागवते आहे आणि एकेकीत खरा आवाज भरून देणार आहे. पेटीवर तुझं नाव आहे, ते खोटं पडता कामा नये. पहिली गाडी तुझी, या पत्राबरोबर पाठवते आहे.

"मला माफ कर" असं लिहिलं होतं, खोडलं. तू लगेच "माफ काय करायचंय त्यात" म्हणशील आणि मी सुटेन. तेवढ्यावर मला सुटायचं नाही.

गाडी टेबलावर ठेव. यंत्र घालू नकोस, राहू दे खिशात. डब्यावर बोट ठेव आणि चौथ्या ठोक्याला उचलू नकोस. मग चपला घाल आणि बाकावर जा. तिथे कुणी विचारलं, इंजिनाला हे नाव कुणाचं, तर सांग. मोठ्यानं सांग. मी समोर उभी असले तरी सांग, माझ्या हातात पाटी नसेल.

तुझी
डुगी