बाबांचा मग, आतून

प्रिय ताई,

...पण तू फोनवर जे म्हणालीस ना, की आईचं मातीकामाचं चाक रविवारी त्या शाळेतल्या बाईंना देऊन टाकतेय, कारण तुझ्या हाताला आईच्या हाताची सर नाही, ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. फोनवर मला भांडता येत नाही, तुला माहितीये. तू एक वाक्य बोलतेस आणि माझी सगळी वाक्यं पळून जातात. म्हणून लिहितेय. आधी बाबांच्या मगाची बातमी सांगते, म्हणजे तू पुढचं वाचशील.

मग ठणठणीत आहे. काठाजवळची ती केसाएवढी रेघ फक्त वरच्या काचेसारख्या ग्लेझमध्ये आहे, आतली माती शाबूत. मागच्या खेपेला घरी आले तेव्हा बाबांनी तो स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला, जणू मी तान्हं बाळ दवाखान्यात नेतेय. म्हणाले, तुझ्या त्या मशीनला विचार, अजून किती टिकेल. आईच्या हातचं शेवटचं भांडं ते, कुणाला घासूसुद्धा देत नाहीत. आता स्टीलच्या ग्लासातून पाणी पितात आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करतात, हे तूच सांगितलंस.

आमच्या लॅबमध्ये एरवी सिमेंटचे तुकडे, बॅटऱ्या, विमानाची पाती असलं काय काय येतं. कुणालाच काही फोडायचं नसतं आणि सगळ्यांना आत काय आहे ते बघायचं असतं. गेल्या शनिवारी दुपारी मशीन मोकळं होतं, लॅबच्या मॅडम हो म्हणाल्या. आणि गंमत माहितीये का? मशीनच्या शिशाच्या दारामागे एक छोटंसं चाक असतं. खरंच. वस्तू त्याच्यावर ठेवायची, ती हळूहळू फिरते, एका बाजूने एक्स-रे येत राहतात आणि दुसऱ्या बाजूला तिच्या सावल्या जमा होत राहतात. मग कॉम्प्युटर त्या सगळ्या सावल्यांतून अख्खी वस्तू परत उभी करतो, पोटातल्या सगळ्यासकट. एका चाकावर जन्मलेला मग परत एका चाकावर बसला होता, आणि इतका हळू फिरत होता की वाटलं, आठवून आठवून फिरतोय. मी चहाला पण उठले नाही.

मग मी आत गेले. म्हणजे नुसता माऊस फिरवायचा, पडद्यावर मगाची एकेक पातळ चकती बाजूला होत जाते, पण वाटतं आपणच भिंतीतून पोहत चाललोय. माती राखाडी, धुक्यासारखी. मध्येच वाळूचे पांढरे कण चमकतात. आणि पोकळ्या, कितीतरी. काळ्या, लांबट, तांदळाहून बारीक, सगळ्या एकाच दिशेने कललेल्या, पक्ष्यांचा थवा वळताना दिसतो तशा. चाक फिरत असताना माती वर ओढली की तिच्यात अडकलेली हवाही तशीच तिरकी ओढली जाते, आणि भट्टीतून निघालं की तो कल कायमचा. मला वाटलं, ही त्या दिवशीची आपल्या चाकाच्या शेडमधली हवा. मॅडम म्हणाल्या, वेडी आहेस, हवा केव्हाच बदलते, राहतो तो फक्त आकार. असू दे. आकार तर आकार.

मग मला हाव सुटली. कॉलेजला निघाले तेव्हा आईने पेनं ठेवायला दिलेला कप माझ्या टेबलावर असतो ना, तोही चढवला चाकावर. दोन्ही चित्रं शेजारी लावली, तर एक थवा डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे. मॅडम मागून बघून हसल्या. 'आरसा केलास बघ. सगळे नवीन लोक करतात.' म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चित्रं उलटी चढवली की डाव्याचं उजवं होतं. आमच्याकडची ही ठरलेली चूक, आणि मी वेंधळी आहेच. म्हणून दोन्ही भांड्यांवर तारेचा एक इंग्रजी एल वाकवून चिकटवला आणि पुन्हा स्कॅन केलं. आरसा झाला तर एल उलटा दिसणार. एल दोन्हीकडे सरळ होता. थवे तसेच, समोरासमोर.

ताई, आई डावखुरी होती. तिचं चाक उलटं फिरायचं. तू बसलीस की आधी ते थांबवून दुसऱ्या बाजूने पाय मारायचीस, आणि ती म्हणायची, अगं चाकाला चक्कर येईल. माझा कप आईच्या बाजूने फिरलाय. बाबांचा मग तुझ्या.

 शेवटच्या आजारात आईला उशीला टेकूनही बसवत नव्हतं ते दिवस आठवले. बाबा रोज विचारायचे, आज काही केलं का तिने. आणि एक दिवस तू मग आणून दिलास आणि म्हणालीस, आईने केलाय, मी नुसता भट्टीत घातला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला, अजून उबदार होता. ती चाकापर्यंत गेली कधी, असं कुणीच विचारलं नाही. आम्हाला विचारायचंच नव्हतं बहुतेक.

खोटं बोललीस असं म्हणत नाहीये मी, कारण नंतर मी मगाच्या कानापाशी गेले. कान जिथे भिंतीला चिकटतो तिथे, बाहेरून दिसतच नाही अशा जागी, अंगठ्याचे दोन दाब आहेत. एक खोल, एक हलका. माझ्या कपाला तस्सेच. कान आईने लावलाय. पलंगावरच, ना? आणि तिचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, भांडं जमलं नसेल तर त्याला कान लावायचाच नाही, सरळ मातीच्या ढिगात. तुझी किती भांडी तिने परत मळायला लावली. एकदा तू चिडून म्हणालीस, भांड्याला कान देत नाहीस तर निदान माझे तरी पिळू नकोस. हा मग तिने ढिगात टाकला नाही.

म्हणून हे पत्र. पाणी ओठाला लागलं की आईचं भांडं ओळखतो असं बाबा छातीठोक सांगतात, आणि इतके दिवस ते तुझ्या भांड्यातून पितायत. माझं ऐकू नकोस हवं तर, मशीनचंही नको, पण त्या बाईंना म्हण, इतक्यात येऊ नका. मी येत्या शनिवारी येतेय, मग घेऊन, चित्रं घेऊन. बाबा दारातच विचारणार, काय दिसलं आत. रेघ वरवरची आहे एवढंच सांगितलं तरी ते खूश होतील आणि मग भरून पाणी पितील. की दोन्ही चित्रं समोर ठेवून सांगायचं, कान तिचा, बाकी सगळं ताईचं? तुला काय वाटतं?

तुझंच,
शेपूट