पिटूचे कान

१२ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

तुझी सर्दी गेली का? बालकल्याण समितीने मला सांभाळायला दिलेली मुलगी आता घरात रुळली आहे. सहा वर्षांची, पण एवढीशी. म्हणून मी तिला पिटू म्हणते. हाक मारली तर वळत नाही. वाटलं, हट्टी आहे. मग उशीवर डाग दिसले. दोन्ही कान वाहतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडदे फाटलेत, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर उरलंसुरलं ऐकू येणंही जाईल.

सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं, पण तिचं आरोग्यकार्ड जुन्या जिल्ह्याचं. तो जिल्हा म्हणतो, मूल आमच्याकडे नाही. हा म्हणतो, कार्ड आमचं नाही. शिवाय सही पालकाची हवी, आणि मी पडले नुसती सांभाळणारी. शिवण बाजूला टाकून हेलपाटे घालते आहे. तू आरोग्य खात्यात खुर्ची उबवतोस, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

खुर्ची सोडून साहेबांच्या दारात बसलो, तेव्हा कळलं. समितीने लेखी आदेश दिला की कार्ड इकडे बदलून मिळतं आणि सहीचा अधिकारही तुला मिळतो. हे सांभाळणाऱ्यांना कुणी सांगतच नाही. सगळ्या दवाखान्यांना कळवा म्हटलं, तर साहेब म्हणाले, बघू. मी पत्रकाचा मसुदा त्यांच्या टेबलावर ठेवलाय. तू मात्र थांबू नकोस. पिटूला घेऊन समितीपुढे जा आणि आदेश हातात पडेपर्यंत उठू नकोस. तुझ्यापुढे बाबांचं काही चाललं नाही, समितीचं काय चालणार.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

भाऊ

४ सप्टेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. समितीचा आदेश मिळाला, एका कानाचं ऑपरेशन झालं, छान झालं. त्यानंतर एकदा मशीनवर बसून मी स्वतःशीच पुटपुटत होते, कात्री कुठे गेली बाई. आतून पिटू म्हणाली, खिडकीत आहे. तुझे भावोजी गेल्यापासून या घरात मला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

पुढे तिच्या मावशीचा पत्ता लागला. बाई चांगली आहे. समितीने पिटू तिच्याकडे दिली, लांबच्या जिल्ह्यात. दुसरा कान तिकडेच होईल. या खेपेला कार्डासाठी हेलपाटे पडले नाहीत. तुझं पत्रक तिथवर पोचलंय. गाडीत बसताना पिटूने विचारलं, आता तू कुणाशी बोलशील? मी तिच्या टोपीची नाडी बांधत राहिले.

आणखी एक मूल ठेवाल का, असं समितीच्या बाईंनी विचारलंय. उद्या सांगते म्हणाले, त्याला आठवडा झाला. सध्या शिवताना तोंड मिटूनच बसते.

सवड काढून चार ओळी लिही. मोठ्याने वाचीन.

तुझी ताई