खाटेशेजारचं स्टूल

३ जानेवारी

आज चौघांनी येऊन मला सांगितलं, की माझं काही खरं नाही. चौघंही विशीतले. एकानं भिंतीकडे बघून सांगितलं. दुसऱ्यानं इतक्या जड शब्दांत, की मी खूश होऊन त्याचे आभारच मानले! तिसरी सांगता सांगता स्वतःच रडायला लागली. तिला पाणी द्यायला मीच खाटेवरून उठलो. चौथा "उद्या येतो" म्हणून जो गेला, तो गेलाच.

खोटा पेशंट होणं सोपं नाही. सूनबाई मेडिकल कॉलेजात शिकवते. डॉक्टरांनी पेशंटशी बोलावं कसं, हा नवा विषय तिनं उभा केलाय, आणि सरावाला घरचा सासरा घेतलाय. माझं पात्र म्हणजे चौथी शिकलेला रखवालदार. मी जन्मभर कचेरीत नकाशे काढलेला माणूस, पण पात्रात शिरतो म्हणजे शिरतोच. आज बातमी ऐकून मी एक अख्खी कविता म्हटली, अगदी चालीत. सूनबाईनं कपाळाला हात लावला. "बाबा, हा माणूस चौथी शिकलाय. त्याला कविता कुठून येणार?"

म्हटलं, "अगं, चौथीपर्यंतच्याच तर पाठ राहतात."

६ जानेवारी

सूनबाईचा मसुदा चोवीस तारखेला अभ्यासमंडळापुढे जाणार. मंजूर झाला तर हा विषय परीक्षेला लागेल. नाहीतर तिची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. घोडं अडलंय ते कलम पाचवर — प्रत्येक खाटेजवळ एक स्टूल हवं, आणि वाईट बातमी सांगताना डॉक्टरनं त्यावर बसायला हवं. शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा! वॉर्डातली स्टुलं म्हणे केव्हाच काढून टाकलीत. नातेवाईक ठाण मांडून बसतात म्हणून.

हे कलम खरं तर माझ्या गुरुजींचं. करुण कविता असली की ते खुर्ची सोडायचे आणि आमच्या बाकावर, आमच्यातच येऊन बसायचे. मगच वाचायला लागायचे. दुपारची शाळा, तिरपं ऊन, त्यात खडूची धूळ तरंगतेय, गुरुजींच्या कोटाला शाईचा वास... कवितेतलं कोण गेलं होतं ते आता आठवत नाही. माझ्या खांद्याला टेकलेला त्यांचा खांदा आठवतो. मी हे कधीतरी जेवताना सांगितलं, तर या बाईनं त्याचं कलम पाच करून टाकलं!

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे कॉलेजातले सगळ्यात मोठे सर्जन. मुलं त्यांना खांब म्हणतात — त्यांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. मसुदा वाचून ते म्हणाले, "बसायचं कधी ते धोरणात लिहिता? उद्या श्वास कसा घ्यायचा तेही लिहा."

७ जानेवारी

खांबावर चार ओळी जुळवल्या. यमक झकास जमलंय. सूनबाईला दाखवणार नाही.

१२ जानेवारी

घोळ झाला. माझ्यामुळेच.

आज शिक्षकांचा सराव होता. खांबही आले — सूनबाईनं फार मिनतवारी केली होती. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि एका दमात मोकळे झाले. गाठ आहे, ऑपरेशन लागेल, काही विचारायचंय का? मी नुसती मान हलवायची, असं ठरलं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "मग माझ्या गुलाबांना पाणी कोण घालणार?"

गुलाब रखवालदाराचे नव्हेत, माझेच. गॅलरीतल्या कुंड्या, हिनं लावलेल्या. ही गेल्यापासून मी सांभाळतो.

खांब म्हणाले, "ते मी कसं सांगणार?" मागे मुलं फिस्कन हसली. खांब कानापर्यंत लाल झाले आणि तडक निघून गेले.

सूनबाई घरी आली. मग चपला काढता काढता म्हणाली, की एवढं एक दार किलकिलं झालं होतं, तेही बाबांनी लावून टाकलं. चिरंजीवांनी टीव्हीचा आवाज वाढवला. जुनी युक्ती, माझ्याकडूनच घेतलेली.

१६ जानेवारी

मुलांमध्ये एक आहे, कुजबुज. आवाज इतका बारीक की सगळे तिला त्याच नावानं हाक मारतात. आज तिची पाळी. शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि बातमी सांगायचं सोडून म्हणाली, "आजोबा, घड्याळ फार सैल झालंय. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय तरी."

"कुणाचं? रखवालदाराचं?"

"तुमचं."

मग भूक कशी, झोप कशी. लपवलं नाही मी. ताटात उरतं हल्ली, असं सांगून टाकलं. ती उठली ती सरळ सूनबाईकडे. खेळात खरं आणायचं नाही, हा पहिलाच नियम पोरीनं मोडला! हिला गुण द्यायचे की कापायचे, असं मी सूनबाईला विचारलं. म्हटलं, माझं मत विचारशील तर सगळेच्या सगळे दे.

सूनबाई हसली नाही.

१९ जानेवारी

खरोखरचा दाखल! खाट तशीच, भिंत तशीच, फक्त संवाद कुणी लिहून दिलेले नाहीत. तपासणीला यंत्राच्या बोगद्यात सरकवलं. त्याची टकटक एका जुन्या चालीवर इतकी बरोबर बसते, की राहवेना. यंत्रवाल्यानं बाहेर काढून बजावलं, "आजोबा, हलायचं नाही म्हटलं होतं. ओठसुद्धा." पुन्हा आत. पुन्हा तीच कविता, यावेळी मनात.

खाटेजवळ स्टूल नाही. चिरंजीव सबंध संध्याकाळ उभे, एकदा या पायावर, एकदा त्या. शेवटी ओढून माझ्या पायाशी बसवलं. केवढा मोठा झालाय हा! खाट त्याच्या बाजूला कलली.

२४ जानेवारी

आज मंडळाची बैठक. सूनबाई आत जाण्याआधी डोकावून गेली. केसांत पेन खोचलेलं, तिचं तिलाच ठाऊक नाही. म्हणाली, रिपोर्ट आले की खांब सर स्वतः येऊन सांगणार आहेत. म्हटलं, उभ्याउभ्याच सांगतील. तेव्हा कुठे हसली. बारा दिवसांनी!

२४ जानेवारी, दिवेलागणीला

खांब आले. बगलेत स्टूल. खाटेशेजारी ठेवलं आणि बसले — गुडघे कुरकुरले. मग म्हणाले, "काका, गुलाबांना पाणी घालायला कोण आहे घरी?"

म्हणजे कलम पाच मंजूर झालं.

म्हणजे रिपोर्टही आले.

"सून घालेल," म्हटलं. "आता सांगा. सावकाश. बसलाच आहात."