फिरतीचा मॉनिटर

२ मार्च, सोमवार
आजपासून अभ्यास. म्हणजे तयारी आजपासून. प्रत्यक्ष अभ्यास पुढच्या सोमवारी.

वरिष्ठ तपासनीसाची परीक्षा चौदा जूनला आहे. वयाच्या नियमाने ही माझी शेवटची संधी. पास झालो की टेबलाचं काम मिळतं आणि फिरती कायमची बंद. इतकी वर्षं गावोगाव लिफ्ट तपासत हिंडलो, ग्रीसचे हात पँटला पुसले, परक्या लॉजच्या उशांवर झोपलो. उबग आलाय. लेकीला शब्द दिलाय की जुलैपासून बाबा रोज संध्याकाळी घरी आणि सायकल मीच शिकवणार. तोवर दुसऱ्या कुणाकडून शिकायची नाही, असंही बजावलं. ती लगेच कबूल झाली.

अडचण एकच. लॅपटॉप. पुस्तकं सगळी पीडीएफमध्ये. एका खिडकीत नियम, दुसऱ्या खिडकीत माझ्या नोट्स, आणि स्क्रीन पाटीएवढी. अशा स्क्रीनवर अभ्यास करणं हा अभ्यासाचा अपमान आहे. ऑफिसचं काम, प्रवास आणि अभ्यास या तिन्हींवर एकच उपाय, पोर्टेबल मॉनिटर. रविवारपर्यंत निवडायचा. नीट पारखून. लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी आतली पाटी वाचायची, किती माणसं, किती वजन, हा माझा खाक्या. पाटी न वाचता आत घुसणाऱ्या माणसांची मला मनापासून किळस येते.

८ मार्च, रविवार
निवडला नाही. दिवसभर रिव्ह्यू पाहिले. शिसारी आली. दाढी कोरलेले लोक खोका उघडतात आणि प्लॅस्टिक सोलताना डोळे मिटतात. एक जण मॉनिटरचा वास घेत होता. उपयोगाचं कुणी बोलत नाही. ब्राइटनेस किती हवा, याबद्दल तिघांची चार मतं.

संध्याकाळी मेहुणा आला. औषधं विकत फिरतो, त्याच्याकडे असला मॉनिटर आहे. कसा निवडला विचारलं तर म्हणाला, दुकानात समोर होता तो घेतला. वर मलाच विचारतो, भावोजी, तुमच्या लॅपटॉपला चालतो का ते बघितलंत ना? मी इतकी वर्षं यंत्रं तपासतोय आणि हा गोळ्या विकणारा मला विचारतो! मी पुढचा रिव्ह्यू लावला. त्याने शेंगदाणे खाल्लेल्या बोटांनी माझ्या स्क्रीनवर दाखवून दाखवून सांगितलं. स्क्रीन तीनदा पुसली.

११ मार्च. लॉज.
टेबल डुगडुगतं. टीव्हीचा रिमोट चिकट. कशाने ते विचारायची हिंमत झाली नाही. अशा खोलीत माणूस काय वाचणार? मॉनिटर आल्याशिवाय पान उघडायचं नाही, असं ठरवलं. अर्धवट अभ्यासापेक्षा न केलेला बरा, निदान सवय बिघडत नाही.

१९ मार्च, गुरुवार
दुकानात जाऊन प्रत्यक्ष पाहिले. मांडलेल्या प्रत्येक मॉनिटरवर अंगठे. एकावर कुणीतरी शिंकलेलं होतं आणि ते वाळलं होतं. विक्रेत्याला मॅट आणि ग्लॉसी यांतला फरक विचारला. म्हणाला, साहेब, दोन्ही मस्त. मी त्याला फरक समजावून सांगितला. बराच वेळ लागला. शेवटी तो जेवायला गेला.

आज बायकोने एक शंका काढली. पास झालात तर फिरती बंद होणार, मग फिरतीचा मॉनिटर कशाला? बायकोचा स्वभाव मुळातच व्यवहारी. तिला दूरचं दिसत नाही.

२ एप्रिल
एक मोठा निर्णय झाला. एचडीएमआयवाले सगळे बाद. एक केबल चित्राची, एक विजेची, वर अडॅप्टर. मेहुण्याकडे तसलाच आहे, टेबलावर नुसती आतडी पसरतात. मला एकाच केबलचा हवा. त्याच केबलने चित्र, त्याच केबलने वीज. निम्मे मॉडेल एका फटक्यात उडाले. असा निर्णय घ्यायला अभ्यास लागतो.

७ एप्रिल, मंगळवार
लिफ्टच्या मोटर-रूममध्ये मुंडीला पकडलं. मुंडी म्हणजे आमचा ज्युनियर. कायम मान खाली, म्हणून मुंडी. पाटी वाचायला याला मीच शिकवलं. तोही यंदा परीक्षेला बसतोय. कबुतरांच्या शिटेशेजारी फतकल मारून तडा गेलेल्या मोबाईलवर नियम वाचत होता. बोटाने पान मोठं करायचं, एक ओळ वाचायची, पुढे सरकवायचं. बघवेना. त्याला म्हटलं, बाबा रे, आधी साधनं नीट कर. तो म्हणाला, हो सर. आणि मान पुन्हा खाली.

कीव आली.

१५ एप्रिल
आज अभ्यास नाही. स्टँडचा प्रश्न निघाला. कव्हरच दुमडून उभं राहणारा की मागे पाय असलेला? इंटरनेटवरच्या चर्चेच्या मंचावर वाचत बसलो. कुणीतरी लिहिलंय की दुमडणारं कव्हर लॉजच्या टेबलावर घसरतं. हा माणूस माझाच जणू. त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. लोकांनी कौतुक केलं.

२६ एप्रिल, रविवार
पहिला मॉनिटर आला. खोका उघडला. कोपऱ्यात धूळ. काचेच्या आत! स्क्रीन चालू न करताच परत पाठवला. लेक म्हणाली, बाबा, ती धूळ नव्हती, स्टिकरचा कागद होता. मुलं काहीही बोलतात.

तिने नव्या सायकलच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. बाबा काढतील म्हणते. हे मात्र मला आवडलं.

१० मे
दुसरा आला. कंपनी दुसरी. याच्या कव्हरला रॉकेलसारखा वास. खोली भरून राहिला. बायकोने गॅलरीत ठेवायला लावला. सकाळी परत पाठवला. कुरियरवाला आता मला ओळखतो. हसून बघतो. त्याचं हसणं मला आवडलेलं नाही.

परीक्षेला भरपूर वेळ आहे. महिनाभर नीट बसलो तर पुरे. माझा पाया पक्का आहे.

३० मे, शनिवार
तिसरा आला. देखणा. मॅट. मागे पाय. एकच केबल. वास नाही, धूळ नाही. टेबल पुसलं, लेकीला आणि बायकोला समोर बसवलं आणि केबल लावली.

सिग्नल नाही.

केबल उलटी लावली. सुलटी लावली. फुंकर मारली. लॅपटॉप बंद करून चालू केला. स्क्रीनवर इवलीशी अक्षरं, सिग्नल नाही, मग काळोख. कंपनीच्या नावाने शिव्या घालत होतो तेवढ्यात मेहुणा आला. त्याने लॅपटॉप उचलला, आडवा धरला आणि त्याच्या कडेकडे बघितलं. मग म्हणाला, भावोजी, तुमच्या या पोर्टातून नुसतं चार्जिंग होतं. चित्र बाहेर येत नाही. ज्यातून येतं त्याच्या शेजारी छोटी खूण असते. इथे खूण नाही. एचडीएमआयवाला घेतला असतात तर चालला असता.

जगातल्या सगळ्या मॉनिटरच्या मागच्या बाजू मला तोंडपाठ आहेत. माझ्याच लॅपटॉपची कड मी कधी पाहिली नव्हती. हे मी रोजनिशीत लिहितोय ते केवळ कंपन्यांचा निष्काळजीपणा नोंदवून ठेवायचा म्हणून. खूण मोठी करायला काय जातं यांचं? कळकटपणा नुसता.

मुदतीत परत करता येईल. करणार नाही. चांगली वस्तू आहे. लॅपटॉप बदलायला हवा. परीक्षेनंतर बघू.

६ जून
पीडीएफ उघडली. पहिलं पान. अक्षरं फार बारीक.

१३ जून, शनिवार
दिवसभर वाचलं. लॅपटॉपवरच. लेक दोनदा दारात येऊन गेली.

१४ जून, रविवार
परीक्षा झाली. केंद्रावरचे मॉनिटर बघून मळमळलं. जुने, पिवळट, कडांना काळी पुटं, कीबोर्डच्या फटींत कुणाकुणाचे केस आणि नखं. माझ्या स्क्रीनचा रंग निळसर होता आणि ती बारीक थरथरत होती. रिफ्रेश रेट कमी. सुरुवातीची काही मिनिटं हेच बघण्यात गेली, पण नजर तयार झाली की असं होतंच. पर्यवेक्षकाला सांगून बघितलं. तो म्हणाला, सगळ्यांचे तसेच आहेत, पेपर सोडवा.

पेपर बरा होता. पाटीवरच्या वजनाचा प्रश्न आला, तो मला आला. बाकीचे जरा पुस्तकी होते. पुढच्या रांगेत मुंडी बसला होता. एकदाही मान वर केली नाही त्याने.

१० जुलै, शुक्रवार
निकाल.

घरी आलो. बायकोने चेहरा बघितला आणि पानं घेतली. लेकीने विचारलं, बाबा, म्हणजे आता फिरती तशीच? मी म्हटलं, तशीच. ती म्हणाली, बरं. आत गेली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवण गेलं नाही.

१३ जुलै, सोमवार
मुंडीला केबिन मिळाली. त्याने मला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.  टेबलाकडे बघतच म्हणाला, सर, फिरतीवरच्या सगळ्या तपासनीसांना पोर्टेबल मॉनिटर द्यायचं ठरतंय. यातलं तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. कोणता घ्यावा, तुम्हीच सांगा.

सांगतो म्हटलं. अखेर या ऑफिसात कुणाला तरी माझ्या अभ्यासाची किंमत कळली. तुला कोणता हवा, हेही विचारलं. तो ओशाळून म्हणाला, मला नको सर, मी आता इथेच असतो.

त्याचा फिरतीचा लॅपटॉप त्याने मला दिला. आता त्याला लागत नाही. घेतल्याबरोबर कड बघितली. खूण आहे.

२१ जुलै, मंगळवार, संध्याकाळ. लॉज.
तेच डुगडुगतं टेबल. तोच रिमोट. बॅग भरताना मॉनिटर लेकीने स्वतः ठेवला, कोपरे ठेचू नयेत म्हणून माझ्या बनियनमध्ये गुंडाळून.

केबल लावली. एकच. चित्र आलं. चोख! मॅट असल्याने खोलीतला दिवा कुठेच चमकत नाही. स्टँड घसरत नाही. लॅपटॉपवर रिपोर्ट घेतला. मॉनिटरवर काय घ्यावं सुचेना. अभ्यास आता उरलेला नाही. थोडा वेळ तो तसाच रिकामा ठेवून बसलो.

मग घरून व्हिडिओ कॉल आला, तो मॉनिटरवर घेतला. बायकोने फोन धरला होता. आमच्याच घरासमोरचा रस्ता. सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं. मेहुणा सीट धरून मागे पळत होता, मग त्याने हात सोडला. लेक पार कोपऱ्यापर्यंत एकटी गेली. पडली नाही. परत येऊन फोनमध्ये तोंड घालून ओरडली, बाबा, बघितलंत? म्हटलं, बघितलं.

लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर एवढं स्वच्छ दिसलंच नसतं. तिच्या फ्रॉकचा रंग अगदी आहे तसा दिसतो. निवड बरोबर होती.