पट्टी न फाटलेली खोकी

प्रिय धाकटे,

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तुझ्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हाच वेळ बघून ठेवली होती, नाहीतर म्हणशील, ताईचं आता वय झालं. तुमच्या कंपनीचे कपडे विकणाऱ्या बावीस बायकांसमोर तू माझ्या लेकीच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, माझ्या घरात माल दोन दिवससुद्धा टिकत नाही, आता ही पोरगी मला मागे टाकणार. टाळ्या पडल्या. मी तेव्हा आतून ऐकत होते. खुर्ची आणायला तूच पाठवलं होतंस; कुठल्या खोलीतून, ते सांगायला विसरलीस.

मी चुकीचं दार उघडलं. खोकी, थेट छतापर्यंत. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर मी चौतीस वर्षं काढली आहेत. कुठलं खोकं उघडून पुन्हा चिकटवलंय आणि कुठल्याला कुणी हातही लावलेला नाही, हे मला चष्म्याशिवाय कळतं. एकाचीही पट्टी फाटलेली नव्हती. शिक्के वाचले. तळातलं खोकं पावणेदोन वर्षांपूर्वी आलेलं.

मग मी खुर्ची घेऊन बाहेर आले, बसले आणि टाळ्या वाजवल्या. हो, मीसुद्धा. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. चारचौघींत तुझी अब्रू जायला नको वाटलं. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला तू माझा रुमाल स्वतःचा म्हणून सिस्टरना दाखवायचीस, तेव्हाही मी गप्पच बसायचे. लाडावून ठेवलं तुला, दुसरं काय!

कपड्यांविषयी बोलायचं तर मी लेकीकडची एक लेगिंग उलटी करून पाहिली. शिवण अशी, की घालून खाली बसलं तर उठताना विचार करावा लागेल. गठ्ठा बंद येतो, रंग-माप निवडायची सोय नाही. लेकीच्या वाट्याला एकाच मापाच्या चाळीस आल्या, जांभळ्यावर पिवळे पोपट. आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत आणि नऊ घरांत हेच पोपट बसलेत. विकणाऱ्या सगळ्याच, घेणारी कोण? लेकीला विचारलं तर म्हणते, आई, आपण कपडे नाही गं विकत, संधी देतो. म्हणजे नवी बाई पकडायची, तिच्या गळ्यात गठ्ठा मारायचा, तिने आणखी चौघी पकडायच्या. अगं, पण बायका संपतात! लेकीच्या वर्गमैत्रिणी संपल्या, ऑफिसातल्या संपल्या, नणंदा संपल्या. तिचा फोन आता वाजतच नाही. परवा तिच्या लहानपणच्या मैत्रिणीने मला रस्त्यात गाठलं आणि हात जोडले: काकू, तिला सांगा मी आजारी आहे.

त्या रविवारी घरी येताना मी लेकीला खोक्यांचं सांगितलं. म्हणाली, नवा माल आला असेल, तुला मावशीचं चांगलं कधी बघवलंच नाही. सोमवारी तिला हाताला धरून तुझ्याकडे घेऊन आले, तर खोलीला कुलूप. किल्ली सापडत नाही म्हणालीस आणि वर चहा टाकलास. लेक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती तूही पाहिलीस. तरी तू चहाच गाळत राहिलीस. तुलाही वरच्या कुणीतरी अशीच थाप मारली असेल, कळतं मला. पावणेदोन वर्षं त्या खोलीच्या शेजारी झोपतेस, तुझी कीवही येते. पण तू बुडताना माझ्या पोरीचा पाय धरलास, आणि आता ती दुसरीचा धरतेय.

आमच्या तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई तुला माहीत आहे. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून तिचं घर एका मशीनवर चालतं. लेकीने तिला गळाला लावलंय. रविवारी, २३ तारखेला सकाळी, गिऱ्हाईक येऊन मशीन उचलून नेणार आणि त्या पैशांत ती बाई पहिला गठ्ठा घेणार. मी समजवायला गेले, तर हसली. म्हणाली, तुमच्या सख्ख्या बहिणीवर विश्वास ठेवायचा नाही, तर मग ठेवायचा कुणावर? माणूस आला की मी दारात आडवी बसेनही, पण बहात्तराव्या वर्षी मला उचलून बाजूला ठेवायला कितीसा वेळ लागणार? माझं आता कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतात. म्हणून हे पत्र. खोकी किती, कधीपासून पडून आहेत आणि त्यातलं खरोखर विकलं किती, एवढं तुझ्या अक्षरात, सही करून, दोन कागदांवर हवं: एक माझ्या लेकीला, एक त्या बाईला. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. शनिवार, २२ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत दोन्ही कागद माझ्या हातात पाहिजेत.

तुझीच,
ताई