पाखराएवढं

शिवथर, ता. महाड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. ऋतिका हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

भात झोडून झालं, वाल पेरला. सकाळी दरीत असं धुकं भरतं की खालचं गाव हाय की नाय, कळत नाय. आपल्या वाडीत रेंज नाय आणि तुझा फोन गेटावर काढून घेतात, म्हणून हे पत्र.

सदूकाका तुडीलचे पाहुणे घेऊन आला होता. मुलगा मुंबईत बँकेत हाय, बरा वाटला. त्याच्या वडिलांनी विचारलं, मुलगी काय काम करते. मी म्हटलं, विमानाचं कायतरी, नीट ठाऊक नाय. ते हसले, बापालाच ठाऊक नाय म्हणाले. तुझी आई उठून आत गेली. लाज वाटली गो. मला तरी सांग.

माया हायच.
तुझा बाबा, गोमाजी

बंगळुरू
२३ नोव्हेंबर

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पुस्तकांत छापलंय तेवढंच सांगते. रडार आकाशात लहरी सोडतं. त्या विमानावर आपटून परत आल्या की विमान सापडतं. कड्यासमोर हाक मारली की परत येते ना, तसं. आम्ही विमानाचा आकार आणि वरचा लेप असा करतो की थोड्या लहरी जिरतात, उरलेल्या भलतीकडे जातात. माणसाला विमान दिसतं, रडारला मात्र पाखराएवढं वाटतं.

लेपाचे तुकडे मी एका खोलीत तपासते. भिंतींना, छताला लहरी आणि आवाज जिरवणारी काळ्या स्पंजाची टोकं. तिथे बोललेलं कुठेच पोचत नाही. कधी वाटतं, मी आपल्या बांधावर उभी आहे, धुकं कमरेपर्यंत आलंय, आई चालत येतेय आणि पावलं वाजत नाहीत.

बाबा, हे काम मी सोडणार नाही. पाहुण्यांना चालत नसेल तर राहू दे. आईला सांगा, पोरगी पाखरं बनवते.

रागावू नका, लोभ असाच राहू द्या.
तुमची ऋतिका

शिवथर
८ डिसेंबर

चि. ऋतिका हिस आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं. दुपारी बांधावर डोळा लागला, तर राखाडी विमान कड्यावरून आलं. आवाज नाय, नुसती सावली वालावरून सरकत गेली. आई म्हणते, वाल राखायला बसवलं तर हे विमानं बघतात. शिमग्याला ये.

पाहुणे परत आले. मुलगी पसंत, पण लग्नानंतर नोकरी सोडायची म्हणाले. आईनेच चहाचे कप ठेवले आणि सांगितलं, पोरगी काम सोडणार नाय. मग मीही तेच बोललो. मोडलं. आई दोन दिवस धड जेवली नाय, आता बरी हाय.

निघताना त्यांनी परत विचारलं, आता तरी कळलं का काय काम करते. मी म्हटलं, ठाऊक नाय. सदूकाका मागाहून चिडला, सांगून टाकायचं होतं म्हणाला. पुस्तकात छापलेलं असेल गो, पण मला ते तू सांगितलंस.

तुझा बाबा